कोंडी होण्याआधीच ओळखावी कशी?



आजचा विषय थोडा नवखा वाटेल. संगणकाच्या पोटात फाइली सांभाळणारी एक व्यवस्था असते. तिच्यात कधी कधी कोंडी होते. काम करणारे दोघेही एकमेकांची वाट पाहत उभे राहतात आणि सारे काम ठप्प होते. इंग्रजी पुस्तकांतून हिला ‘डेडलॉक’ म्हणतात. आपण कोंडीच म्हणू या. ही कोंडी झाल्यावर सोडविणे फार कठीण. पण ती झालेली नसताना, नुसत्या कामाच्या रीतीवरून, ती पुढे कधीतरी होणार हे ओळखता येईल काय? येते. कसे येते, तेच आज पाहायचे आहे. विषय संगणकाचा असला तरी त्यातली मुख्य गोष्ट समजायला संगणक जवळ असलाच पाहिजे असे नाही. बैलजोडी आणि तिफण ठाऊक असली म्हणजे पुरे.

समजा, मृगाचा पाऊस पडला आहे. दोन भाऊ वेगळे झालेले. पण बैलजोडी एकच, सामाईक, आणि तिफणही एकच, तीही सामाईक. पेरणीला तर दोन्ही पाहिजेत. थोरल्याने पहाटे गोठ्यातून बैल सोडले आणि तो तिफणीकडे निघाला. त्याच वेळी धाकट्याने तिफण बाहेर काढली आणि तो बैलांकडे निघाला. दोघांची वाटेत गाठ पडली.

“दादा, बैलं द्या ना मला. तिफण मी काढलीच आहे.”

“अरे, आधी तिफण इकडे दे. बैलं माझ्यापाशी आहेत.”

आता यांत चूक कोणाची? कोणाचीच नाही. दोघांचीही मागणी रास्त आहे. पण दोघेही हातातले सोडायला तयार नाहीत आणि दोघांनाही दुसऱ्याच्या हातातले हवे आहे. असे दोघे तसेच उभे राहिले तर जमिनीतला वाफसा निघून जाईल आणि पेरणी कोणाचीच होणार नाही. हीच ती कोंडी.

या कोंडीचा विचार शास्त्रज्ञांनी पद्धतशीर केलेला आहे. हॉलंडचे गणिती डाइक्स्ट्रा यांनी 1965 साली विद्यार्थ्यांच्या परीक्षेत अशाच एका प्रसंगाचा प्रश्न घातला होता. पुढे 1971 साली कॉफमन, एल्फिक आणि शोशानी या तिघांनी एका लेखात कोंडीची चार लक्षणे मांडली. पहिले, वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. दुसरे, हातातली वस्तू धरून ठेवून माणूस दुसरीची वाट पाहतो. तिसरे, कोणाच्या हातातून वस्तू हिसकावून घेता येत नाही. आणि चौथे, वाट पाहणाऱ्यांचे वर्तुळ तयार होते. पहिला दुसऱ्याची वाट पाहतो, दुसरा तिसऱ्याची, आणि शेवटचा पुन्हा पहिल्याची. कोंडी व्हायला ही चारही लक्षणे एकदम असावी लागतात. बाजेचे चार पाय असतात ना, तसेच समजा. एक पाय काढून घेतला की बाज उभी राहत नाही.

मग कोणता पाय काढावा? सर्वांत सोपा चौथा. आयबीएम कंपनीतील हॅवेंडर यांनी 1968 सालीच त्याची युक्ती लिहून ठेवली आहे. ती अशी की वस्तूंना क्रमांक द्यावा आणि सर्वांनी त्याच क्रमाने त्या घ्याव्यात. आपल्या भावांच्या घरी एखाद्या जाणत्याने एवढाच नियम घालून द्यावा: ज्याला दोन्ही पाहिजेत त्याने आधी बैल घ्यायचे, मगच तिफणीला हात लावायचा. बैल मिळाले नाहीत तर तिफणीकडे जायचेच नाही. आता पाहा, ज्याच्या हातात पेरणीसाठी तिफण आहे त्याच्याजवळ बैल आहेतच. मग तो बैलांसाठी कोणाची वाट कशाला पाहील? तो पेरून मोकळा होईल आणि दुसऱ्याची पाळी येईल. थोडा उशीर होईल, पण कोंडी होणार नाही. नियम एका ओळीचा आहे, पण त्यात अगदी पक्की सिद्धता आहे.

आता संगणकाकडे वळू या. तहसील कचेरीचे जुने दप्तर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. लाल कापडात बांधलेले रुमाल, त्यांत गावोगावचे कागद, प्रत्येक रुमालाला ठरलेली जागा. संगणकात हेच काम फाइलव्यवस्था करते. रुमालाच्या जागी फोल्डर, कागदाच्या जागी फाइल. कोणता कागद कोठे आहे, त्याचे नाव काय, तो केवढा आहे, ही सारी नोंद ही व्यवस्था ठेवते. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन घ्या. त्याच्या आत ‘लिनक्स’ नावाच्या कार्यप्रणालीचा गाभा आहे. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारी मूळ यंत्रणा. लिनक्सची सुरुवात 1991 साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. शेतकरी बांधव बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढतात, तेव्हा तो फोटो ठेवून घेण्याचे काम फोनमधील फाइलव्यवस्थाच करते. म्हणजे हा विषय दूरदेशीचा नाही, आपल्या खिशातलाच आहे.

दप्तरात दोन कारकून एकाच वेळी एकाच नोंदवहीत लिहू लागले तर काय होईल? एकाचे लिहिलेले दुसरा खोडील, ओळी एकमेकांवर चढतील. म्हणून एक जण लिहीत असताना दुसऱ्याने थांबायचे. संगणकात यासाठी ‘कुलूप’ असते. हे कुलूप चोरासाठी नाही बरं का! त्याचा अर्थ एवढाच, की मी येथे काम करतो आहे, माझे होईपर्यंत थांबा. काम झाले की कुलूप काढले जाते.

येथे आपल्या जिल्ह्यातली एक गोष्ट आठवते. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला येणारी शकुंतला रेल्वे जुन्या मंडळींना चांगली ठाऊक आहे. अडीच फूट रुंदीचा तो अरुंद रूळ इंग्रजांच्या काळात मुख्यतः वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेला. तिचे वाफेचे इंजिन 1994 सालापर्यंत धावत होते, मग डिझेलचे आले. आता ती गाडी धावत नाही. शेवटच्या काळात या रुळावर गाडी एकच. सकाळी गेली की परत येईपर्यंत वाट पाहायची. समोरून दुसरी गाडी येण्याचा प्रश्नच नाही, म्हणून टक्कर नाही आणि कोंडीही नाही. पण माल आणि माणसे वाहण्याला मर्यादा.

लिनक्सचा कारभारही सुरुवातीला असाच होता. एकाहून अधिक प्रोसेसर, म्हणजे काम करणारे मेंदू, असलेल्या यंत्रांवर लिनक्स 1996 साली चालू लागले, तेव्हा साऱ्या गाभ्याला मिळून एकच मोठे कुलूप ठेवले होते. एक मेंदू आत गेला की बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. एका रुळावर एकच गाडी! सुरक्षित खरे, पण यंत्रात चार मेंदू घालून उपयोग काय, जर तिघे दाराशी बसून राहणार? म्हणून हे मोठे कुलूप फोडून लहान लहान कुलपे करण्यात आली. प्रत्येक फोल्डरला वेगळे, प्रत्येक फाइलीला वेगळे. हे काम इतके नाजूक, की ते मोठे कुलूप पुरतेपणी काढून टाकायला 2011 साल उजाडले. काम जलद झाले. पण कुलपे अनेक झाली, आणि ‘एकाच्या हातात हे, दुसऱ्याच्या हातात ते’ हा धोका त्याच दिवशी जन्माला आला.

रेल्वेतही असेच आहे. जेथे रूळ एकेरी आणि गाड्या अनेक, तेथे पूर्वीपासून टोकनाची पद्धत आहे. दोन स्टेशनांमधल्या रुळाचे टोकन म्हणजे धातूचा एक गोळा. तो ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्यानेच त्या रुळावर जायचे. दोन गाड्यांना एकदम टोकन मिळत नाही, म्हणून टक्कर टळते. पण समजा, शेजारच्या दोन स्टेशनांत गाड्या उभ्या करायला दोन-दोनच रूळ आहेत. या स्टेशनात तिकडे जाणाऱ्या दोन गाड्या उभ्या, त्या स्टेशनात इकडे येणाऱ्या दोन उभ्या. मधला रूळ रिकामा आहे, पण पुढे उतरायला जागाच नाही. टक्कर झाली नाही, कोणाला इजा नाही, तरी चारही गाड्या अडकल्या. टक्कर टाळण्यासाठी केलेली शिस्तच, क्रम न पाळल्यास, कोंडीला कारण होते. कुलपाचेही तेच आहे. ते लावले नाही तर नोंदी बिघडतात. वाटेल त्या क्रमाने लावले तर काम ठप्प होते.

फाइलव्यवस्थेतले एक खरे उदाहरण घेऊ. एक कागद एका रुमालातून काढून दुसऱ्यात ठेवायचा आहे. त्यासाठी दोन्ही रुमाल काही क्षण आपल्या ताब्यात हवेत, नाहीतर कागद एकीकडून निघाला आणि दुसरीकडे पोचलाच नाही असे व्हायचे. समजा, एक कारकून पुसदच्या रुमालातला कागद उमरखेडच्या रुमालात नेतो आहे. तो आधी पुसद बंद करतो, मग उमरखेड मागतो. दुसरा त्याच क्षणी उमरखेडचा कागद पुसदला नेतो आहे. त्याने आधी उमरखेड बंद केले, आता तो पुसद मागतो. झाली कोंडी! बैल आणि तिफण पुन्हा समोरासमोर.

लिनक्सच्या कर्त्यांनी यासाठी नियम लिहून ठेवले आहेत. पहिला नियम, वडील आधी, मूल मागून. म्हणजे जिल्ह्याच्या फोल्डरला कुलूप आधी, त्यातल्या तालुक्याच्या फोल्डरला नंतर, गावाच्या फोल्डरला त्याहून नंतर. उलटे कधी नाही. दुसरा नियम, एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात हलवाहलव करायची असेल, तर एका फाइलव्यवस्थेत अशी हलवाहलव एका वेळी एकानेच करावी. तिसरा नियम, ज्यांच्यात वडील-मुलाचे नाते नाही अशा दोन फाइलींना एकदम कुलूप लावायचे झाले, तर यंत्राच्या स्मृतीतील ज्या फाइलीच्या नोंदीचा पत्ता लहान, तिला आधी. पत्त्याला स्वतःचा काही मोठा अर्थ नाही. पण सर्वांना तोच क्रम दिसतो, आणि तेवढेच पुरते.

नियम झाले. पण नियम लिहिले म्हणून पाळले जातात का? शाळेच्या फळ्यावरचे नियम काय होतात, हे शिक्षक बंधूंना वेगळे सांगायला नको! कार्यप्रणालीचा गाभा लक्षावधी ओळींचा, आणि जगभरचे हजारो लोक त्यात भर घालतात. एखाद्याने कोपऱ्यातल्या एका ओळीत क्रम उलटा केला तर कोणाच्या लक्षात येणार?

येथे आपण खऱ्या अडचणीशी आलो. अशी चूक दडून बसते. कोंडी व्हायला दोन्ही कामे नेमकी त्याच क्षणी, सेकंदाच्या अगदी लहानशा भागात, एकमेकांना भेटावी लागतात. थोरला भाऊ घटकाभर आधी निघाला असता तर बैल आणि तिफण दोन्ही त्यालाच मिळाली असती आणि भांडण झालेच नसते. तसेच संगणकात लाख वेळा काम सुरळीत होते आणि पुढच्या एखाद्या वेळी यंत्र थिजते. नेमके कधी? ज्या दिवशी गर्दी सर्वांत जास्त, त्या दिवशी. पीककर्जाच्या शेवटच्या तारखेला, निकालाच्या दिवशी. आणि मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की सारे पूर्ववत. चुकीचा मागमूस राहत नाही. म्हणून ‘आजवर कधी बंद पडले नाही’ हा काही निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे.

या अडचणीवर 2006 साली इंगो मोल्नार यांनी एक तपासनीस तयार करून लिनक्सच्या गाभ्यात बसविला. अर्यान व्हान द व्हेन हे त्यांच्या जोडीला होते. त्या तपासनीसाचे नाव ‘लॉकडेप’. त्याची युक्ती मोठी साधी आहे. तो कोंडी होण्याची वाट पाहतच नाही. तो फक्त वही लिहितो.

कशी वही? गावातल्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याने अशी वही ठेवली आहे असे समजा. कोणी एक वस्तू हातात असताना दुसरी घेतली, की तो वहीत एक बाण काढतो. सोमवारी थोरल्याने बैल हातात असताना तिफण घेतली. वहीत बाण, बैलांकडून तिफणीकडे. गुरुवारी, थोरला परगावी गेलेला असताना, धाकट्याने तिफण हातात असताना बैल घेतले. वहीत दुसरा बाण, तिफणीकडून बैलांकडे. सोमवारी भांडण नाही, गुरुवारीही नाही. दोघांची पेरणी उत्तम झाली. पण म्हातारा वही पाहतो आणि म्हणतो, “पोरांनो, हे वर्तुळ झालं. या वर्षी निभावलं. ज्या दिवशी दोघं एकाच पहाटे निघाल, त्या दिवशी अडकाल.”

लॉकडेप हेच करतो. प्रत्येक नवा बाण काढताना तो पाहतो, की या बाणाच्या टोकापासून बाणांमागे बाण धरीत गेल्यास आपण पुन्हा निघालो तेथेच येतो का? पुसदकडून उमरखेड, उमरखेडकडून महागाव, महागावकडून पुन्हा पुसद, असे तीन निरनिराळ्या दिवशी निरनिराळ्या लोकांनी काढलेले बाणही त्याला जोडता येतात. वर्तुळ सापडले, की कुलपांच्या अवलंबनात वर्तुळ होण्याचा संभव आहे, असा इशारा तो छापतो आणि कोणता बाण कोणत्या ठिकाणी काढला गेला तेही दाखवितो. कोंडी एकदाही झालेली नसते. चूक मात्र हाती लागते. दोन कामे एका क्षणी भेटण्याची गरज उरत नाही. प्रत्येक काम केव्हातरी एकदा होऊन गेले म्हणजे पुरे.

या वहीने फाइलव्यवस्थेतली एक आडवळणाची कोंडीही उजेडात आणता येते. ती समजण्यासाठी खरेदी केंद्राच्या गोदामात जाऊ या. समजा, गोदामपालाने हिशेब चुकू नये म्हणून दार आतून लावून घेतले आहे. तूर भरता भरता बारदाना संपला. त्याने बारदान्याच्या माणसाला निरोप धाडला, “रिकामी पोती पाठवा.” तो माणूस म्हणतो, “माझ्याजवळ पोते शिल्लक नाही; पण गोदामातली काही भरलेली पोती बाहेर काढून रिकामी करवितो, म्हणजे देता येतील.” आणि तो गोदामाच्या दाराशी येऊन उभा राहतो. दार आतून बंद! हा दार उघडण्याची वाट पाहतो, आतला पोत्यांची वाट पाहतो.

संगणकात पोती म्हणजे स्मृतीची जागा. फाइलव्यवस्था एखादे कुलूप लावून काम करीत असते आणि तिला थोडी स्मृती लागते. स्मृती संपलेली असली तर स्मृतीचा कारभारी जागा मोकळी करायला निघतो. त्यासाठी तो फाइलव्यवस्थेलाच सांगतो, की तुझ्याकडचा हा मजकूर डिस्कवर लिहून टाक आणि जागा सोड. लिहायला लागणारे कुलूप तर आधीच लागलेले! म्हणून लिनक्समध्ये अशा वेळी स्मृती मागतानाच एक अट घालायची असते: जागा दे, पण ती मिळवायला माझ्या दाराशी येऊ नकोस. ही अट घालायला कोणी विसरला, तर स्मृती मुबलक आहे तोवर काही बिघडत नाही. ऐन हंगामात मात्र घात होतो. लॉकडेपच्या वहीत जागा मोकळी करण्याचे हे कामही एक कुलूप असल्यासारखे लिहिले जाते. त्यामुळे स्मृतीची टंचाई प्रत्यक्ष पडण्याची वाट न पाहता विसरलेली अट ध्यानात येते.

पण श्रोतेहो, या तपासनिसाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी, की जे काम कधी झालेच नाही त्याचा बाण वहीत येत नाही. धाकट्याने त्या वर्षी पेरणीच केली नाही, तर म्हातारा काय लिहिणार? म्हणून फाइलव्यवस्थेकडून मुद्दाम शेकडो तऱ्हेची कामे करवून घ्यावी लागतात. त्यासाठी तयार चाचण्यांचा एक मोठा संच आहे. तो मुळात ‘एक्सएफएस’ या फाइलव्यवस्थेसाठी रचला गेला आणि पुढे इतरांसाठीही वापरात आला. यंत्र न चालविता, नुसता लिहिलेला मजकूर वाचून कुलपांचा क्रम शोधणारी साधनेही आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एंगलर आणि अ‍ॅशक्राफ्ट यांनी 2003 साली असे एक साधन प्रसिद्ध केले. वाचणाऱ्याला सर्व वाटा दिसतात खऱ्या, पण त्यांपैकी कोणत्या वाटेने खरोखर कोणी जाते हे त्याला नेहमी कळत नाही.

दुसरी मर्यादा खोट्या ओरडीची. यंत्रात लाखो फाइली, म्हणून लाखो कुलपे. प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवणे अशक्य. म्हणून लॉकडेप एका जातीच्या सर्व कुलपांना एकच मानतो. सारी फोल्डरे एका जातीची! आता वडील फोल्डरला कुलूप लावून मग मुलाला लावले, तर वहीत काय दिसते? फोल्डरकडून फोल्डरकडेच बाण, म्हणजे जागच्या जागी वर्तुळ. तो ओरडतो, आणि धोका तर काहीच नसतो. मग लिहिणाऱ्याला सांगावे लागते, की हे वडिलांचे कुलूप आणि हे मुलाचे. अशा पोटजाती एका जातीत आठपर्यंत करता येतात.

आता येथेच खरी जबाबदारी आहे. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. लॉकडेप पहिला इशारा दिल्यावर पुढची तपासणी थांबवितो. यंत्र पुन्हा सुरू करावे तेव्हाच तो परत कामाला लागतो. म्हणजे पहिली ओरड खोटी असली, तर तिच्यामागे येणारा खरा लांडगा त्या खेपेला दिसतच नाही. उलट, ओरड नको म्हणून कोणी घाईघाईने कुलपाला वाटेल ती पोटजात देऊन टाकली, तर खरे वर्तुळही त्या वहीतून पुसले जाते. तोंड बंद केलेला राखणदार आणि नसलेला राखणदार यांत फरक तो काय? म्हणून प्रत्येक इशाऱ्याला, हा खोटा का आहे, याचे कारण शोधल्याशिवाय गप्प करू नये, हाच खरा धर्म.

तिसरी गोष्ट, ही वही लिहायला वेळ लागतो आणि यंत्र मंदावते. म्हणून लोकांच्या रोजच्या वापरातील यंत्रांत ती सहसा बंद ठेवतात. चाचणीच्या यंत्रांत चालू ठेवतात. आणि हेही ध्यानात असू द्या, की आपला फोन थिजला म्हणजे दर वेळी कोंडीच असते असे नाही. उष्णता, भरलेली जागा, बिघडलेला भाग, अशी इतर कारणे पुष्कळ असतात.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात करून पाहण्याजोगा एक खेळ सांगतो. पाच मुलांना गोल बसवा आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये एक अशा पाच पेन्सिली ठेवा. त्यांना 1 ते 5 क्रमांक द्या. प्रत्येक मुलाला चित्र काढायला दोन्ही बाजूंच्या मिळून दोन पेन्सिली लागतात असा नियम करा. प्रत्येकाने आधी उजवीकडची घ्यावी, मग डावीकडची, असे सांगून टाळी वाजवा. पाचही मुलांच्या हातात एकेक पेन्सिल येईल आणि सारी अडकतील.

आता दुसरा डाव. तोच नियम, पण मुलांनी एकेकट्याने, पाळीपाळीने पेन्सिली घ्यायच्या, चित्र काढायचे आणि परत ठेवायच्या. कोणी अडकणार नाही. मात्र फळ्यावर एक मुलगा बाण काढीत राहील: 1 कडून 2, 2 कडून 3, 3 कडून 4, 4 कडून 5, आणि शेवटी 5 कडून 1. वर्तुळ पुरे झाले! मुलांना विचारा, “आज कोणी अडकलं नाही, मग फळा काय सांगतो?”

तिसऱ्या डावात नियम बदला: दोहोंपैकी लहान क्रमांकाची पेन्सिल आधी. चार मुलांना काहीच बदलावे लागणार नाही. पाचवा मात्र आता आधी 1 घेईल, मग 5. फळ्यावर 5 कडून 1 हा बाण येणारच नाही आणि वर्तुळ मोडेल. पुन्हा टाळी वाजवून पाहा. कोणी ना कोणी चित्र पुरे करील आणि त्याच्या पेन्सिली इतरांना मिळतील. ज्या मुलाला हे तीन डाव कळले, त्याला लॉकडेपचे मर्म कळले. पुढे तो पॉलिटेक्निकात जावो की अभियांत्रिकीला, ‘चालते आहे ना, मग ठीक आहे’ एवढ्यावर तो समाधान मानणार नाही.

आणि ज्यांना संगणकाशी कर्तव्य नाही त्यांच्यासाठीही यात काही आहे. सामाईक विहीर, सामाईक पंप, सामाईक अवजार, बचत गटाचे एकच यंत्र, जेथे वस्तू थोड्या आणि गरजवंत अनेक, तेथे भांडण झाल्यावर निवाडा करीत बसण्यापेक्षा आधीच विचारावे: कोण काय हातात धरून कशाची वाट पाहतो? त्याचे बाण कागदावर काढून पाहावेत. वर्तुळ दिसले, तर माणसे बदलायची गरज नाही, कोणाला दोष देण्याचीही नाही. घेण्याचा क्रम तेवढा सर्वांनी मिळून ठरवावा आणि तो सर्वांना दिसेल असा लिहून ठेवावा. पेरणीच्या आदल्या आठवड्यात हे काम अर्ध्या तासाचे असते. वाफसा निघून गेल्यावर ते कोणाच्याच हातचे राहत नाही.